माळकरी आणि व्यसन



वाचक माउलींनो, ज्येष्ठ महिना लागला, वारीची तयारी सुरू झाली, की माळ घालून घेण्यासाठी मंडळी आमच्याकडे येऊ लागतात. पुष्कळदा मनुष्य एकटा येत नाही. त्याची आई त्याला घेऊन येते, बायको घेऊन येते. "महाराज, ह्यांना माळ घाला, म्हणजे ह्यांची दारू सुटेल," असे ती पदर पसरून म्हणते. मी चाळीस वर्षे कीर्तन करीत आहे. अशा किती गळ्यांत तुळशीची माळ घातली ह्याची मोजदाद ठेवलेली नाही. त्यांतील कित्येकांची दारू सुटली. काहींची सुटली नाही. आणि काहींची सुटून पुन्हा लागली.

ह्या तिसऱ्या प्रकारच्या मंडळींविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. ती मंडळी हळूच दिंडीतून नाहीशी होतात, माळ देवघरातल्या खुंटीला अडकते, आणि आपण म्हणतो, "गेला बिचारा, त्याच्या नशिबात नव्हते." आज त्यांच्याविषयीच लिहावयाचे योजिले आहे. व्यसन म्हणजे काय, शास्त्राने त्याविषयी काय विचार केला आहे, राज्याचा कायदा कोठपर्यंत पोहोचतो, आणि माळ घालून जो पुन्हा घसरला त्याच्याशी माळकऱ्याने कसे वागावे, असा ह्या निरूपणाचा क्रम आहे.

शब्दाचा विचार

आम्ही पाठशाळेत व्याकरण शिकत होतो तेव्हा गुरुजी शब्द फोडून दाखवीत. 'व्यसन' ह्या शब्दात 'वि' हा उपसर्ग आहे आणि 'अस्' हा धातू आहे. हा 'अस्' म्हणजे 'असणे' नव्हे. हा 'फेकणे' ह्या अर्थाचा, चौथ्या गणातला. मनुष्यास त्याच्या कल्याणापासून दूर फेकून देते ते व्यसन. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात ह्या शब्दाची फोड अशीच केली आहे. संस्कृतात व्यसन ह्याचा दुसरा अर्थ संकट असाही आहे. वाईट सवय आणि संकट ह्या दोहोंना मिळून एकच शब्द आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता कर्ता कोण आणि कर्म कोण ते पाहा. पहिला पेला घेताना 'मनुष्य दारू पितो' हे वाक्य बरोबर असते. तेथे मनुष्य कर्ता आहे. काही वर्षांनी वाक्य तेच राहते, पण अर्थ उलटतो. आता व्यसन फेकते आणि मनुष्य फेकला जातो. तो कर्म होऊन बसतो. आणि आपण मात्र त्याला अजून कर्ता समजून शिव्या देतो, "तुला कळत नाही का? मनावर घे ना!" अहो, मनावर घ्यावयास मन त्याच्या हाती उरले असते तर व्याकरण फिरलेच नसते.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात अठरा व्यसने मोजली आहेत. दहा कामापासून उपजलेली, आठ क्रोधापासून. कामजांपैकी चार अत्यंत घातक सांगितली, त्यांत मद्यपान आहे. मृत्यू आणि व्यसन ह्यांत व्यसनच अधिक वाईट, असाही निर्णय तेथे दिला आहे. हा सारा विचार राजधर्माच्या प्रकरणात आला आहे, हे विसरू नये. म्हणजे व्यसन ही एकट्या माणसाची खाजगी बाब आहे असे आपल्या पूर्वजांनी मानले नाही; राज्य कसे चालते ह्याच्याशी त्यांनी तिचा संबंध जोडला. कायद्याचा विचार पुढे करू तेव्हा ह्याचा उपयोग होईल.

वेदातील जुगारी

सोडण्याचा निश्चय करून पुन्हा पडणे हे आजचे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त आहे, त्यास अक्षसूक्त म्हणतात. त्यात एक जुगारी स्वतःची कहाणी सांगतो. सासू त्याचा द्वेष करते, बायको त्याला दूर लोटते, आई झुरते. आईबाप आणि भाऊ परक्यांना सांगतात की हा आमचा कोणी नव्हे, ह्याला बांधून न्या. तो ठरवतो की आता खेळणार नाही. सोबती निघून जातात, तो मागे राहतो. पण फाशांचा आवाज कानी पडतो आणि निश्चय विरतो, पाय तिकडेच वळतात.

हजारो वर्षांपूर्वीचे हे वर्णन आणि आजच्या दारुड्याच्या घरातले वर्णन ह्यांत अक्षराचे अंतर नाही. फाशांच्या जागी बाटलीचा आवाज घाला, झाले. सूक्ताच्या शेवटी त्याला सांगितले आहे की फासे टाक आणि शेती कर, तेथेच तुझी गुरे आहेत, तेथेच तुझी बायको आहे. नुसते 'सोड' म्हणून सूक्त थांबत नाही. सुटलेले हात कोठे लावावेत तेही सांगते. हा धडा आपण पुढे घेणार आहोत.

एक घडलेली गोष्ट

आता स्वतःची एक चूक सांगतो. सांगावयास लाज वाटते, परंतु न सांगितली तर हा पाठ अपुरा राहील.

ह्या गोष्टीस बारा वर्षे झाली. आमच्या भागातला एक शेतकरी, वय चाळिशीचे, वीस वर्षांचा पिणारा. रोज सकाळ-संध्याकाळ हातभट्टीची. प्रस्थानाच्या दिवशी आळंदीत त्याच्या बायकोने त्याला माझ्यापुढे उभे केले. मी माळ घातली. त्याने वीणेला हात लावून सांगितले, "महाराज, आत्तापासून बंद." मी आशीर्वाद दिला, आणि माझे काम झाले असे मानले. तो रोज किती पितो हे मी विचारले नाही.

पालखी पुण्यास आली. दुसऱ्या मुक्कामाच्या रात्री भजन चालू असता त्याच्या हातातले टाळ ठेक्यावर पडेनात. हात थरथरत होते, अंगाला घाम सुटला होता. मध्येच उठून तो अंथरुणावरच्या मुंग्या झटकू लागला. मुंग्या तेथे नव्हत्याच. काहीबाही बडबडू लागला, आणि तोल जाऊन विणेकऱ्याच्या अंगावर आदळला. "प्यायलाय!" असे कोणी तरी म्हणाले, आणि साऱ्या राहुटीने ते उचलले. मीही उचलले. त्याच्या तोंडाला वास येतो का, एवढेसुद्धा पाहिले नाही. "माळेचा अपमान करणाऱ्यास दिंडीत जागा नाही," असे म्हणून सर्वांदेखत मी त्याच्या गळ्यातली माळ काढली. त्याची बायको बायकांच्या राहुटीतून धावत आली, पाया पडली. म्हणाली, "महाराज, तीन दिवस हे माझ्या नजरेआड नाहीत. थेंबसुद्धा घेतलेला नाही हो." मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

पहाटे त्याला रस्त्याच्या कडेला आकडी आली. दुसऱ्या एका दिंडीतल्या माउलींनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. दुपारी निरोप आला तेव्हा मी गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "महाराज, हे प्यायले नव्हते. हे प्यायचे थांबले होते, म्हणून असे झाले."

मी तेथे भिंतीला टेकून उभा राहिलो. त्याने व्रत मोडले म्हणून मी माळ काढली होती. आणि त्याचे अंग कापत होते ते व्रत पाळल्यामुळे.

वैद्यकाचे म्हणणे

बाईंनी समजावून सांगितले ते प्रत्येक दिंडीचालकाने नीट ऐकावे. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणाविरुद्ध जोर लावावयास शिकतो, आणि वर्षानुवर्षे तो जोर वाढवीत नेतो. रस्सीखेचीत दोन माणसे दोर ताणून धरतात. एकाने एकदम दोर सोडला तर दुसरा कोलमडतो, तसे होते. दारू एकदम थांबली की ताणलेला मेंदू आवरत नाही. पहिल्या दिवसात कंप, घाम, निद्रानाश. एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेले किडे, माणसे दिसू लागतात, स्थळकाळाचे भान जाते. ह्यात प्राणही जाऊ शकतो. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस औषध घेतले तर हा धोका बहुतांशी टळतो.

प्रत्येक पिणाऱ्याला असे होते असे नव्हे. पण पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला होऊ शकते. तंबाखूचे तसे नाही. ती एकदम सोडली तर चिडचिड होते, डोके दुखते, झोप येत नाही, पण जिवाला धोका नसतो. म्हणून तंबाखू आजच्या आज सोडावी, आणि रोजची भारी दारू डॉक्टरांना विचारून सोडावी. हा भेद माहीत नसल्याने आमच्या हातून एका घराचा घात होता होता राहिला.

'आता काय घालता?'

तो मनुष्य वाचला. त्या वर्षी पंढरीस पोहोचला नाही. घरी गेला, सात-आठ महिने कोरडा राहिला, आणि शिमग्यात पुन्हा प्यायला. मला कळले तेव्हा ज्येष्ठ लागला होता. मी त्याच्या घरी गेलो, माळ बरोबर नेली. त्याने हात जोडले, पण मान पुढे केली नाही. म्हणाला, "महाराज, तुम्ही माळ काढली तेव्हा मी चांगला होतो. आता वाईट आहे. आता काय घालता?"

मला उत्तर सुचले नाही. परतताना वाटेत गीतेचा सहावा अध्याय आठवला. शेकडो वेळा मी तो अध्याय लावला होता, पण त्या दिवशी प्रथम तो मला लागू पडला.

तेथे अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे दुष्कर आहे. भगवान त्याला 'छे, सोपे आहे' असे म्हणत नाहीत. ते आधी कबूल करतात की कठीण आहे खरे; मग सांगतात की अभ्यासाने आणि वैराग्याने ते आवरते. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे. जी गोष्ट पुनःपुन्हा करावी लागते ती मध्ये मध्ये चुकणार, हे त्या शब्दातच आले. मग अर्जुन खरा प्रश्न विचारतो. ज्याची श्रद्धा आहे पण प्रयत्न तोकडा पडला, जो मार्गावरून घसरला, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा होतो काय? भगवंताचे उत्तर स्वच्छ आहे. त्याचा नाश येथेही नाही आणि परलोकीही नाही; कल्याणाच्या वाटेने निघालेला कोणीही दुर्गतीस जात नाही. तो चांगल्या घरी जन्म घेतो, पूर्वीची बुद्धी त्याला परत मिळते, आणि जेथे वाट सुटली होती तेथून तो पुढे चालू लागतो.

ह्यालाच शास्त्रात योगभ्रष्ट म्हणतात. आपण तो शब्द जन्मांतरापुरता ठेवून दिला आहे. पण जन्मांतरापर्यंत ज्याला भगवान सांभाळतात, त्याला शिमग्यापासून आषाढीपर्यंत आपण सांभाळू नये काय? तो घसरला तेव्हा आपण म्हणालो की ह्याचे आठ महिने पाण्यात गेले. भगवंताच्या हिशेबी ते आठ महिने शिल्लक आहेत. त्या आठ महिन्यांत त्याने पोराला शाळेत घातले असेल, बैलाला चारा घातला असेल, बायकोशी दोन शब्द नीट बोलला असेल. ते खोटे नव्हते. दारू सोडता येते हे त्याच्या देहाने एकदा अनुभवले आहे. पुन्हा उठताना हीच त्याची पूर्वबुद्धी.

डॉक्टर मंडळीही हेच सांगतात. हा आजार उलटणारा आहे. एकदा उलटला म्हणजे उपचार फसला असे ते मानीत नाहीत. कोठे पाय घसरला ते पाहून पुन्हा उपचार करतात.

शंका आणि समाधान

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, असे बोलाल तर नियमच उरणार नाही. आज प्यावे, उद्या माळ घालावी, परवा पुन्हा प्यावे, असे चालू होईल. माळेची पत काय राहील?

ह्यास उत्तर असे. वैद्य पथ्य सांगतो. रोग्याने पथ्य मोडले म्हणून वैद्य त्याला टाकीत नाही, आणि त्याला टाकावयाचे नाही म्हणून पथ्यही सैल करीत नाही. माळेचा नियम तसाच राहील. मद्य वर्ज्य म्हणजे वर्ज्य. प्यालेल्या स्थितीत कोणी भजनात उभा राहणार नाही, वीणा घेणार नाही. पण शुद्धीवर आल्यावर त्याला दार उघडे असेल. नियम कडक आणि दार उघडे, ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. नियम सैल करून दार बंद करणे हेच आपण आजवर करीत आलो. कसे, ते आता सांगतो.

तंबाखूची चंची

त्या रात्री मी त्या माणसाची माळ काढली, तेव्हा माझ्या गालात तंबाखूचा बार होता.

माउलींनो, राग धरू नका. दिंडीत दारूला आपण पाप म्हणतो आणि विसाव्याला चंची सोडतो. चुना मळता मळता ब्रह्मज्ञान चालते. आयाबाया पहाटे मिश्री लावून मग काकड्याला येतात. 'जागरणाला लागते', 'आवाज मोकळा होतो', 'वाडवडिलांपासून आहे' ही आपली समर्थने. तिसऱ्याचे खंडन आधी करतो. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. तंबाखूचे मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या देशात आली आणि इसवी सनाच्या सतराव्या शतकात पसरली. ज्ञानोबामाउलींच्या काळी ह्या देशात तंबाखूचे पान नव्हते. मग ती आपली परंपरा कशी?

आवाजाचे म्हणाल तर माझा आवाज तंबाखूने मोकळा केला नाही, बसवला. २०१६-१७ साली देशभर तंबाखूविषयी पाहणी झाली. तीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले. त्यांत ओढणारे ३.८ टक्के, आणि चघळणारे, मिश्री लावणारे असे धूर न काढणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचे व्यसन विडीत कमी आणि गालात जास्त आहे. तोंडाचा कर्करोग त्याच गालात होतो. नुसत्या सुपारीनेही तो होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटखाबंदी आहे. तरी रिकाम्या पुड्या पालखीच्या वाटेवर दिसतात, त्या कोणी टाकल्या हे मी सांगावयास नको.

मी स्वतः दोनदा तंबाखू सोडली, दोनदा धरली, तिसऱ्या खेपेस सुटली. पहिल्या दोन खेपांत माझी माळ कोणी काढली नाही. त्या शेतकऱ्याला जो न्याय, तो मला नव्हता. नियम सैल आणि दार बंद म्हणतो ते हे.

राजशासन

आता कायदा. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात, मादक पेये आणि आरोग्यास घातक अमली द्रव्ये औषधाखेरीज सेवन करण्यावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे सांगितले आहे. त्याच सुमारास १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. पुढे बंदी सैल होत गेली आणि दारूवरचा कर राज्याच्या तिजोरीचा मोठा झरा झाला. तो कायदा मात्र आजही दारूबंदीच्याच नावाने आहे.

वर्धा आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांत बंदी आहे. गडचिरोलीत ती लोकचळवळीनंतर १९९३ साली आली, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी तीत मोठा वाटा उचलला. चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ साली उठली; बंदीने चोरटी दारू आणि गुन्हे वाढले असे कारण सरकारने दिले. आता एक पक्ष म्हणतो, बंदी केली की विषारी दारूने माणसे मरतात. पण जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा मुंबईत परवान्याची दुकाने उघडीच होती. बिहारात २०१६ पासून बंदी आहे आणि तेथेही विषारी दारूने माणसे मेली. म्हणजे दुकान उघडे ठेवून गरीब वाचत नाही, आणि नुसते बंद करूनही वाचत नाही.

मग कायदा निरुपयोगी काय? नाही. कायदा पहिला पेला लांब नेतो. गावच्या शाळेकडून येताना पोराला रोज बाटली दिसते की नाही, ह्यात मोठे अंतर आहे. म्हणून गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होऊन दुकान बंद करता येते, ह्या तरतुदीचा उपयोग करावा. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदलेल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी माउली त्या दिवशी घरी राहिली, तिचे मत न बोलता उभ्या बाटलीस गेले. वारीला पायी चालणाऱ्या बाईने मतपेटीपर्यंत चालावे.

गांजा, चरस, अफू, गर्द ह्यांसाठी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. देवाच्या नावाने चिलीम ओढणाऱ्यासही तो लागू आहे. व्यापार करणाऱ्यास त्यात मोठ्या साठ्याबद्दल किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. परंतु त्याच कायद्यात, थोडी मात्रा बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी आपण होऊन उपचारास गेला तर त्याच्यावर खटला भरू नये, अशीही सोय आहे. पाहा, शिक्षा देण्यासाठी केलेल्या कायद्यानेसुद्धा विकणारा आणि बुडालेला ह्यांत भेद केला. कायद्याला जे सुचले ते दयेचा संप्रदाय म्हणविणाऱ्या आपल्याला का सुचू नये?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतील सुमारे ५.७ कोटींना तिच्यापायी मदतीची गरज आहे. एवढी माणसे कोणत्याही तुरुंगात किंवा दवाखान्यात मावणार नाहीत. आषाढी एकादशीस दुकाने बंद असतात, द्वादशीस उघडतात. दुकान बंद झाले तरी संध्याकाळ उरतेच. त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोण बसणार?

आपले कर्तव्य

येथे आपला संप्रदाय उपयोगी पडतो. हरिपाठाची वेळ आणि गुत्त्याची वेळ एकच आहे, दिवेलागणीची. ज्या घटकेला पाय तिकडे वळतात, त्या घटकेला हातात टाळ देणारी व्यवस्था आपल्या प्रत्येक गावात आधीच आहे. अक्षसूक्ताने सुटलेल्या हातांना शेती दिली. आपण टाळ देऊ. अमेरिकेत १९३५ साली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही व्यसनमुक्तांची संगत सुरू झाली. आज महाराष्ट्रातही तिच्या बैठका मराठीत भरतात. आपल्या बळाने नव्हे, आपल्याहून मोठ्या शक्तीस शरण जाऊन, एकमेकांच्या आधाराने, आजचा एक दिवस न पिणे ही त्यांची रीत. वारकऱ्याला ही भाषा परकी वाटू नये. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी उभे केलेले मुक्तांगण हे केंद्रही औषधाबरोबर संगतीवर भर देते. गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून दारूचा हिशेब त्यांच्या तोंडून वदवीत. तेही संगतीचेच बळ.

म्हणून फडकरी, दिंडीचालक आणि गावोगावची भजनी मंडळी ह्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली : दारू सोडण्यासाठी कोणी माळ मागावयास आला तर आधी विचारावे की रोज किती, किती वर्षे, पूर्वी सोडताना हात कापले का, आकडी आली का. उत्तर होकारार्थी असेल तर आधी डॉक्टर, मग माळ. माळ आठ दिवस उशिरा घातल्याने पांडुरंग रागावत नाही.

दुसरी : दिंडीत कोणी कापू लागला, भ्रमू लागला, तर 'प्यायला' असा निर्णय देऊ नये. वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे न्यावे, नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरी : माळ घातलेल्याला दोन सोबती नेमून द्यावेत. त्यांनी रोज हरिपाठाला त्याला घरून आणावे. तो एक दिवस आला नाही तर त्याच रात्री त्याच्याकडे जावे.

चौथी : घसरला तर आठवड्याच्या आत त्याच्या घरी जावे. मुलांदेखत उपदेश करू नये. काय झाले, कोठे झाले, कोणाबरोबर झाले, एवढे विचारावे आणि ऐकावे. माळ परत मागू नये.

पाचवी : त्याच्या बायकोला 'तुझ्या नशिबाचे भोग' असे सांगू नये. मारहाण होत असेल तर आधी तिला आणि मुलांना सुरक्षित ठेवावे, कायद्याची मदत घेऊन द्यावी. मार खाणे हे व्रत नव्हे.

सहावी : विणेकरी, पखवाजी आणि आम्ही कीर्तनकार ह्यांनी चंची आधी टाकावी. मदतीस सरकारचा विनामूल्य दूरध्वनी आहे. तंबाखूसाठी १८००-११२-३५६, आणि दारू व इतर नशेसाठी १४४४६. विचारण्यात कमीपणा मानू नये.

उपसंहार

त्या शेतकऱ्याकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्याच्या अंगणात बसून म्हणालो, "माळ चांगल्यालाच घालावयाची असती तर माझ्याही गळ्यात नसती. तुझी काढली ती माझी चूक." तो बराच वेळ बोलला नाही. मग उपचारास जावयास कबूल झाला. महिनाभर केंद्रात राहिला, येऊन माळ घातली. त्यानंतर एकदा घसरला. त्या वेळी त्याचे दोन्ही सोबती दुसऱ्याच दिवशी त्याच्या ओट्यावर होते. त्यास आज नऊ वर्षे झाली. तो टाळकरी म्हणून आमच्या दिंडीत चालतो. "कायमची सुटली का रे?" असे कोणी विचारले तर तो म्हणतो, "आजची सुटली, माउली." उद्याचे तो बोलत नाही. मीही बोलत नाही.

वारीच्या वाटेत माळेचे सूत झिजून तुटते, मणी धुळीत सांडतात. ते कोणी टाकून देत नाही. चार माणसे वाकून मणी वेचतात, धुतात, नवे सूत घालून माळ पुन्हा ओवतात. येत्या वारीत आपल्या दिंडीतून मागे कोण कोण राहिले आहे त्यांची नावे आठवा, आणि प्रस्थानापूर्वी एकदा त्यांच्या दारी जाऊन या. इतकेच मागणे आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ।

— संतचरणरज एक कीर्तनकार